हेडमास्तरांची दाढ

आत्या : निघून गेले म्हणजे? भूल दिलेला माणूस खुर्चीतून उठून चालू लागतो, आणि तू नुसता बघत राहतोस?

भाचा : बघत नव्हतो, आत्या. मी त्यांच्याशी नेत्रसंपर्क राखून होतो.

आत्या : काय राखून होतास?

भाचा : दंतवैद्यांच्या शिबिरात शिकवलं होतं. रुग्णाच्या डोळ्यांत पाहावं, मंद स्मित करावं आणि त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यावं. मी तिन्ही गोष्टी केल्या.

आत्या : तोंडाला मास्क लावून स्मित केलंस?

भाचा : ते माझ्या ध्यानात आलं नाही.

आत्या : आणि म्हणणं कसलं ऐकलंस? त्यांच्या तोंडात तर तूच कापूस कोंबला होतास.

भाचा : म्हणून तर मला काही बोध होईना. ते 'अं, अं' करत होते आणि मी मान डोलावत होतो. मग ते उठले. कापूस ट्रेमध्ये ठेवला, मला नमस्कार केला आणि गेले.

आत्या : नमस्कार केला! वा! आधी ती शिंपीणबाई गेली, मग टपालवाला, आता साक्षात हेडमास्तर. तुझ्याकडे एकदा आलेला माणूस दुसऱ्या खेपेला मला हळूच विचारतो, 'बाई, तुम्ही असाल त्या दिवशी येऊ का?' अरे, पुढच्या महिन्यापासून मी असणारच नाही. हा हात बघ, कसा थरथरतो. दवाखाना तुझ्या हाती द्यायचा की त्या पलीकडच्या डॉक्टरणीच्या, हे मला या आठवड्यात सांगून टाकायचं आहे. ती वाट बघते आहे.

भाचा : माझ्या कामात काही खोट आहे का?

आत्या : तीच तर पंचाईत आहे! काम माझ्याहून सुबक. तू भरलेला दात कुठला आणि मूळचा कुठला, ते मला चष्मा लावूनसुद्धा कळत नाही. तरी माणसं पळतात.

भाचा : मग मी वागावं तरी कसं? तू म्हणालीस, 'घुम्यासारखा राहू नकोस, बोलत जा.' मी बोललो. टपालवाल्याला दाढेच्या मुळांची रचना सविस्तर समजावून दिली. तो पांढराफटक पडला. मग तू म्हणालीस, 'इतकं बोलू नकोस.' मी मौन धरलं, तर शिंपीणबाईंना वाटलं, मला त्यांच्या तोंडात काहीतरी भयंकर दिसलं आहे. बोलावं की बोलू नये? एक काय ते निश्चित सांग.

आत्या : ते मला कुठं ठाऊक आहे! मी कधी बोलते, कधी गप्प बसते.

भाचा : पण केव्हा बोलावं आणि केव्हा गप्प बसावं, याचा काही नियम असेल ना?

आत्या : आजवर कुणी विचारला नव्हता. आता तू विचारलास, तर उद्यापासून मीच अडखळायला लागेन बघ. ते राहू दे. आज नेमकं काय झालं?

भाचा : सुई दिली. भूल चढेपर्यंत थोडा अवधी होता. रुग्णावर निर्णय लादू नये, सर्व पर्याय त्याच्यापुढे ठेवावेत, असं शिबिरात सांगितलं होतं. मी ते ठेवले. दाढ वाचवून तिच्यावर कॅप बसवता येईल. काढून शेजारच्या दातांच्या आधारानं ब्रिज करता येईल. काढून हाडात इम्प्लांट बसवता येईल. काढून जागा तशीच मोकळी सोडता येईल. अथवा तूर्त काहीच न करता वाट पाहता येईल. आणि शेवटी म्हणालो, 'निर्णय सर्वस्वी आपला.'

आत्या : हे सगळं सुई टोचल्यावर?

भाचा : वेळेचा सदुपयोग व्हावा म्हणून.

आत्या : अरे शहाण्या! लग्न लागून गेल्यावर नवऱ्या मुलाला 'मुलगी पसंत आहे ना?' असं विचारण्यातली गत झाली ही. जिभेचं लाकूड झालेला माणूस उत्तर काय देणार?

भाचा : तू पर्याय कसे सांगायचीस?

आत्या : मी? मी म्हणायची, 'आ करा.'

भाचा : आणि पुढे?

आत्या : पुढे काय? ते आ करायचे.

(दारावर टकटक होते. गालावर रुमाल दाबून धरलेले हेडमास्तर आत डोकावतात.)

हेडमास्तर : क्षमा असावी. मी घरी गेलो नाही. खाली जिन्यात बसलो होतो.

आत्या : जिन्यात? अहो, या, बसा आधी. आणि सावकाश बोला, जीभ चावाल.

हेडमास्तर : घरी कोणत्या तोंडानं जाऊ? ही दारातच विचारणार, 'काय ठरलं?' आणि ठरलेलं तर काहीच नाही. जन्मभर मुलांना पर्याय देऊन अचूक उत्तर निवडायला लावलं, बाई. मुलं पेन का चावतात, ते आज समजलं.

भाचा : सर, आपला मान राखावा एवढाच माझा हेतू होता.

हेडमास्तर : मान राहिला, डॉक्टर. धीर सुटला. मला वाटलं, दाढ इतकी बिघडली आहे की कुणी ती अंगावर घ्यायला धजत नाही. बाई, तुम्हीच काय ते सांगा आणि तुम्हीच करा.

आत्या : करते. पण जरा थांबा. काय रे, या सगळ्यांतलं तुला कोणतं योग्य वाटतं?

भाचा : सर्वच पर्याय शास्त्रसंमत आहेत.

आत्या : मी शास्त्राला विचारत नाही, तुला विचारते आहे.

भाचा : मला माहीत नाही.

हेडमास्तर : माहीत नाही म्हणजे?

भाचा : दाढेला तडा गेला आहे, सर. तो किती खोल आहे, ते एक्स-रेच्या फोटोत दिसत नाही. वरच्या वर असेल तर दाढ राहील. मुळापर्यंत उतरला असेल तर राहणार नाही. आत पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही. पण एवढं शिकलेल्या माणसानं 'माहीत नाही' कसं म्हणावं? म्हणून पर्याय सांगत सुटलो.

आत्या : अग बाई! म्हणजे स्वतःचा गोंधळ तू त्यांच्या पदरात टाकलास.

भाचा : तसंच म्हणावं लागेल.

हेडमास्तर : आणि मी जिन्यात बसून तो सोडवत होतो! बाई, तुम्हाला तरी फोटोवरून समजतं का?

आत्या : नाही. मी सरळ काढून टाकली असती.

हेडमास्तर : आणि तडा वरच्या वर असता तर?

आत्या : तर ते तुम्हाला कधी कळलं नसतं.

हेडमास्तर : अस्सं.

आत्या : आता अशा नजरेनं बघू नका माझ्याकडे. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

हेडमास्तर : डॉक्टर, आत पाहिल्यावर तुम्ही काय करणार?

भाचा : थांबणार. तोंडातला कापूस काढणार, खुर्ची सरळ करणार आणि काय दिसलं ते सांगणार. सोबत मला काय वाटतं, तेही सांगेन. मग आपण बोलावं.

हेडमास्तर : जीभ अशी बधिर असताना?

भाचा : आपलं बोलणं होईपर्यंत मी हत्यार उचलणार नाही.

हेडमास्तर : तुम्हाला भीती वाटते आहे का?

भाचा : हो, सर. वाटते.

हेडमास्तर : मला वाटलं, मला एकट्यालाच. बरं, ही खुर्ची मागे कशी होते?

आत्या : थांबा, मी दिवा धरते.

हेडमास्तर : नको, बाई. तुम्ही बाहेर बसा. घाबरलेले दोघे पुरेत.

आत्या : बाहेर? मी?

भाचा : आत्या, तू रागावलीस का?

आत्या : तेच मला कळत नाही रे. तू काम कर. मी दार लोटून घेते.