घोड्याकडचे आमी

आष्ट्याच्या स्टँडवर शालूबाई इस्लामपूरच्या एसटीची वाट बघत होत्या. शेजारी एक पटकेवाले आजोबा आणि त्यांची कॉलेजातली नात मोबाईलवर एका जनावराचं चित्र बघत होते. शालूबाईंचे कान तिकडंच.

"आबा, ह्यो टापीर. सांगा बघू, कुणाच्या भावकीतला?"

"डुकराच्या. सोंड बघितली तर हत्तीच्या."

"तोंडावर जाऊ नका. मागच्या पायाला तीन बोटं हायती. घोडा आन् गेंडा, ही ह्याची भावकी."

"घोडं? आन् ह्ये असलं?"

"मूळ एकच. घोडं बदलत गेलं, ह्यो बराचसा तसाच ऱ्हायला. युरोपातले कवाच संपले. आता काई अमेरिकेत हायती, एक जात मलेशियाकडं."

"मधी एवढा समुद्र, तरी भावकी?"

"दात आन् हाडं जुळत्यात की."

"दात तर कुंडलच्या माझ्या भावाचं, गुंडाचं बी माझ्यावानीच म्होरं हायती."

"मग एका मेंढ्यापायी भावाभावांचं बोलणं बंद कशाला? उद्या त्यांच्या पोरीचं लगीन हाय. आवं, कुंडलची गाडी लागली बघा."

शालूबाईंची गाडी मगाशीच निघून गेली होती.

"चल तर. पर गुंडाला आदीच सांगतो. घोड्याकडचे आमी. टापीर त्यो."