शर्यतीचे नवे बूट

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी सासरे आणि सून नंबर लागायची वाट बघत बसले होते.

"हे बघ, आत गेल्यावर पळण्याचं नाव काढायचं नाही. जिना उतरताना टाच मुरगळली म्हणायचं."

"टाच कुठे मुरगळते, मामंजी?"

"मग पाय म्हणू. पण पळणं बंद केलं तर व्याह्यांना काय तोंड दाखवू? तुमच्याच्यानं अर्धं अंतरही व्हायचं नाही म्हणाले, चारचौघांत!"

"बाबांचं काय मनावर घेता! आणि त्या जुन्या बुटांचे तळ पार गुळगुळीत झालेत. तुम्हा दोघांना नवे आणून दिले होते ना मी?"

"ते शर्यतीच्या दिवशी. रोज घालून खराब करू? बरं, टाचेचं तुझ्या बाबांना कळता कामा नये हं."

तेवढ्यात डॉक्टरांचं दार उघडलं आणि एक गृहस्थ लंगडत बाहेर आले.

"बाबा! तुम्ही इथे?"

"काही नाही गं, जिना उतरताना जरा... अरे, व्याही! तुम्ही कसे?"

"मीसुद्धा जिनाच."

"बाबा, नवे बूट कुठे आहेत?"

"कपाटात."