लाइन चालू होती

वायरमन: मला आकृती नको, ताई. एवढंच सांगा, माझ्या बायकोला ऐकू येत होतं का?

तपासनीस: काका, काकूंना जाऊन तीन महिने झाले. आता ही फाईल घेऊन कशाला फिरताय?

वायरमन: तिच्या नसा तुम्हीच तपासल्यात. याच पट्ट्या लावून, बारीक शॉक देऊन. मी दारातून बघत होतो. पडद्यावर रेघ सपाट. मी म्हटलं, संपलं, लाइनच बंद.

तपासनीस: लाइन बंद नव्हती. तुमच्या तारेत वीज बाहेरून येते, नस आपली वीज आपणच तयार करते. तिच्या भिंतीला बारीक दारं असतात. दार उघडलं की सोडियम आत घुसतं. मिठात असतं ना, तेच. तिथला विद्युतभार उलटतो, त्यानं पुढचं दार उघडतं, मग त्याच्या पुढचं. असा निरोप पायापर्यंत जातो.

वायरमन: मग तिचा का पोचेना?

तपासनीस: नसेवर चरबीचं वेष्टण असतं...

वायरमन: इन्शुलेशन.

तपासनीस: तसंच. त्यामुळे निरोप उड्या मारत पळतो. काकूंच्या शरीरानंच ते सोलून काढलं. मेंदूतून निरोप निघायचे आणि वाटेतच विरायचे. आधी पाय गेले, मग हात, जीभ, शेवटी पापण्यासुद्धा.

वायरमन: आणि कान?

तपासनीस: ते डॉक्टरांना विचारा ना.

वायरमन: विचारलं. म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तरी सरळ बोला.

(ती पट्ट्या पुसायचं थांबते.)

तपासनीस: मेंदू शाबूत होता. कानाच्या नसाही तपासल्या होत्या, त्या चांगल्या होत्या. येत होतं ऐकू.

वायरमन: सगळं?

तपासनीस: सगळं.

वायरमन: मेहुणा भेटायला आला होता. खाटेशी उभा राहून मी त्याला हसत म्हटलं, तीस वर्षांत पहिल्यांदा शांतता मिळाली बघ. तुझ्या बहिणीच्या तोंडाला कुलूप लागलं एकदाचं.

तपासनीस: ताणात माणूस काहीबाही बोलतो, काका.

वायरमन: समजूत नका घालू. मी घालून पाहिलीय.

तपासनीस: पण नंतर बोलला असालच की त्यांच्याशी. चार शब्द.

वायरमन: नाही. बारा दिवस शेजारी बसून पेपर वाचला. ऐकू येत नाही तिच्याशी काय बोलायचं?

तपासनीस: त्यांना कळलं असेल, तुम्ही गंमत करत होतात.

वायरमन: मी ते बोललो आणि मशीनवरचे ठोके चढले. ऐंशीचे एकदम एकशे वीस.

तपासनीस: मग? नर्सला हाक मारलीत?

वायरमन: नाही. मला वाटलं, प्लग ढिला असेल. खाली वाकलो आणि नीट दाबून बसवला.