रिकामा किनारा

आखातातल्या रोल्ला भागातल्या एका क्लिनिकमध्ये न्यूझीलंडच्या व्हिसाच्या मेडिकलसाठी गर्दी होती. माझ्या मागे एक मराठी जोडपं बोलत बसलं होतं.

“श्रीनाथ, तिथल्या मूळच्या माओरी लोकांचं म्हणणं तरी काय आहे?”

“हेच, की किनारा पिढ्यान्‌पिढ्या आमचा आहे. १८४० मध्ये ब्रिटिश राणीच्या माणसांनी तसा करारही केला होता, म्हणतात.”

“मग अडलंय कुठे?”

“तेव्हापासून किनारा तेच वापरतायत, हे त्यांना कोर्टात सिद्ध करायचंय. मला नोकरी देणाऱ्या कंपनीला तिथे मरिना, म्हणजे यॉटचा धक्का बांधायचाय. किनारा कोण वापरतं, याचा मी फक्त सर्व्हे करणार, शुभ्रा.”

“आमच्या कोळीवाड्यातही फक्त सर्व्हेच झाला होता. भर पावसाळ्यात. मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. साहेबाने लिहिलं, जागा रिकामी. बाबा जिथे मासळी वाळवायचे, तिथे आता जेटी आहे.”

“मी तसं नाही लिहिणार.”

“तुझा सर्व्हे कधी आहे?”

“जूनमध्ये.”

“तिकडे जूनमध्ये काय असतं?”

“हिवाळा.”

“म्हणजे किनाऱ्यावर कोणीच नसेल.”

“उन्हाळ्यात पुन्हा सर्व्हे करायचा, अशी अट घालतो. आत्ताच मेल करतो.”

“आणि ते नाही म्हणाले तर?”

“मिस्टर श्रीनाथ! कम, प्लीज.”

श्रीनाथने माझ्याकडे बोट दाखवलं. “सिस्टर, पहले इनको भेजिए. हमें जाना है या नहीं, अभी पक्का नहीं.”