फायनल होईपर्यंत पाणी नाही

काकू, तुम्ही पुढं या. माझ्या मायजवळ बसा आन तिचा हात धरा. मी जे बोलणार आहे ते ऐकून ती उठून उभी राहीन. तिले उठू देऊ नका.

मंचावर बसलेले मोठे लोक, गावातले काका-मामा, मायमाऊल्या, नितेशच्या कबड्डीच्या टीममधले पोट्टेहो, आन त्याच्याविरुद्ध खेळलेले बाहेरगावचे खेळाडू. तुम्ही सगळे आले. धान कापणीवर आलं असताना आले. मी नितेशची मोठी बहीण, वर्षा. तिकडं बपेऱ्याच्या बाजूला शाळेत पी.टी. शिकवते. रोज अख्ख्या ग्राउंडले ऐकू जाईल असा माझा आवाज. आज तं माइकबी हातात आहे.

ऐका.

माझ्या अगोदर जे बोलले ते सगळे चांगलं बोलले. कोणी म्हणालं, देवाची मर्जी. कोणी म्हणालं, खेळाडूले खेळता खेळता मरण आलं, भाग्यवान होता. काहून खोटं बोलता बाप्पा? देवाले मधात आणू नका. देव त्या दिवशी ग्राउंडवर नव्हता. ग्राउंडवर कोण होतं ते मी सांगते.

त्याचा फोटो तुम्ही इथं मधल्या रेषेवर ठेवला. चांगलं केलं, त्याची जागा तीच होती. फोटोले एक मोठा हार होता. दिलीप सरांनी आणला होता. आपल्या मंडळाचे मार्गदर्शक, आपल्या टीमचे सर. तो हार मी काढला आन बाजूच्या खुर्चीवर ठेवला. कोणी पाहिलं नसेल तं आता पाहा. तो हार माझ्या भावाच्या गळ्यात राहणार नाही.

नितेश लहान होता तेव्हा मी कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकून राहिली होती. परीक्षेचं मोठ्यानं पाठ करायची मले सवय. तो अंगणात राखेनं रेषा पाडायचा आन माझ्यासमोर बसायचा. मी वाचायची, कबड्डीले आपल्याकडे हुतूतू म्हणत. जुने प्रकार होते, संजीवनी, गामिनी. संजीवनीत समोरचा एक गडी मारला की आपला बाद झालेला एक उठते. गामिनीत बाद झालेला उठत नाही. एका बाजूचे सगळे बाद होतपर्यंत खेळ चालते.

तो विचारायचा, "म्हणजे संजीवनीत मेलेला उठते, बाई?"

"हाव. उठते."

"मंग मी कायले भेऊ?"

असा होता तो. घाबरत नव्हता. रेड टाकायले जाताना हसत जायचा. दिघोरीच्या सामन्यात त्यानं एकाच रेडमध्ये चार गडी आणले, तेव्हा समोरच्या टीमच्या पोट्ट्यायनंच त्याले उचललं. त्यातले काही आज इथं मागे उभे आहेत. मले दिसून राहिले.

पण त्याचं वजन. हाडापेरानं तो मोठा पोट्टा. खाऊनपिऊन साठच्या वर. आन दिवाळीनंतर आपल्या गावची मंडई भरते, त्या जत्रेतल्या सामन्यात मान कशाले? पंचावन्न किलोच्या गटाले. दिलीप सर म्हणायचे, "वरच्या गटात त्याले कोण विचारते? पंचावन्नात तो राजा आहे." बस. मंग त्याले पंचावन्नात बसवायचं. कसं बसवायचं? तुम्हाले सगळ्याले माहीत आहे. तलावाच्या पाळीवरून भरदुपारी रेनकोट घालून तो पळायचा, तुम्ही वावरातून पाहत होते. माय भाताचं ताट वाढायची आन तो म्हणायचा, "मंडई झाल्यावर खातो, माय." घरात थुंकायले डबा ठेवला होता. थुंकीचंबी वजन असते म्हणे.

मी फोनवर भांडली त्याच्याशी. पुस्तकातलं सगळं सांगतलं. अंगातलं पाणी गेलं की रक्त घट्ट होते. हृदयाले ते ओढता येत नाही. किडनी बसते. डोकं भ्रमते. मी त्याले म्हणाली, "घाम बंद झाला तं खेळ बंद कर, तिथंच बस, कोणाचं ऐकू नको." तो म्हणाला, "बाई, सगळेच तं करतात. सर आहेत ना."

सर होते. तेच सांगून राहिली मी.

सामन्याच्या दिवशी सकाळी धानाच्या काट्यावर वजन झालं. ज्या काट्यावर आपण पोते टाकतो त्यावर पोट्टे चढले. नितेश बसला पंचावन्नात. डोळे आत गेलेले, ओठ फुटलेले, पण बसला. आता सांगा, वजन झालं, मंग त्याले पाणी द्यायले काय हरकत होती?

हरकत होती. आपल्याकडे हरकत असते. समोरच्या टीमनं आक्षेप घेतला तं पोट्ट्याले परत काट्यावर चढवतात. पहिल्या सामन्यानंतर घ्या, सेमीफायनलनंतर घ्या, कधीबी घ्या. हा नियम कोण्या पुस्तकात नाही. आपणच बनवला. समोरचा गडी पाणी पेला का, भात खाल्ला का, हे पकडायले बनवला. आन म्हणून आपले सर आपल्या पोट्ट्यायले सांगतात, फायनल होईपर्यंत पाणी नाही.

उन्हात सामन्यावर सामने खेळवता आन पाणी नाही?

बैलाले असं करता का तुम्ही? शंकरपटाच्या शर्यतीले बैल न्यायचा असला तं त्याले अगोदर पाणी दाखवता. माझ्या भावाले नाही दाखवलं.

सेमीफायनल झाली तेव्हा मी बायांच्या बाजूले दोरीजवळ उभी होती. त्यानं पाणी मागतलं. मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. टीममधल्या रोशननं बाटली उचलली. रोशन, खाली पाहू नको, तू बाटली उचलली होती, तुह्यावर माझा राग नाही. सरांनी ती बाटली रोशनच्या हातातून घेतली आन आपल्या खुर्चीखाली ठेवली. मी दोरीखालून आत गेली. म्हणाली, "सर, त्याले पाणी द्या. त्याच्या अंगाले घाम नाही. पाहा, अंग कोरडं आहे."

सर काय म्हणाले? सर, तुम्ही सांगता का मी सांगू?

"मॅडम, तुम्ही तुमच्या शाळेत शिकवा. इथं माझी टीम आहे."

दोन स्वयंसेवकांनी मले धरून दोरीबाहेर आणलं. लोक म्हणाले, बाया मधात येतात.

मंग फायनल. नितेश रेडले गेला. दम तुटायच्या आत कसाबसा परतला. मंग तो मधल्या रेषेवर उभा राहिला, मागे वळला, आन आपल्याच टीमच्या कॅप्टनचा हात पकडून ओढायले लागला. त्याले कळून नव्हतं राहिलं कोण आपला, कोण समोरचा. डोकं भ्रमते म्हणून मी फोनवर सांगतलं होतं ते हेच.

लोक हसले. ग्राउंडभर हसले. इथं बसलेलेबी हसले, मी चेहरे विसरली नाही.

सर ओरडले, "नाटक करून राहिला! टाइम काढून राहिला!" टाइमआउट मागतला नाही. बदली खेळाडू पाठवला नाही. परत रेडले पाठवलं. तो गेला आन उताणा पडला.

तेव्हा पाणी आलं. बादलीनं आलं. तोंडावर ओतलं. ज्याच्या पोटात दिवसभर थेंब जाऊ दिला नाही त्याच्या तोंडावर बादली. कोणी कांदा हुंगवला, कोणी गालावर मारलं. मंग एका अनोळखी भावाच्या गाडीत टाकलं. तो भाऊ इथं असन तं त्याचे पाय धरते, त्यानं गाडी उडवत नेली. नितेशचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आम्ही गावाच्या वेशीवर होतो तेव्हा लाउडस्पीकरवर आपल्या टीमचं नाव ऐकू आलं. सामना पुढं चालू ठेवला होता. आपण जिंकलो होतो.

नितेशनंबी ऐकलं असन. मले माहीत नाही. दवाखाना दिसायच्या अगोदर तो गेला.

आता या सभेत काय झालं ते पाहा. अध्यक्षांनी उठून जाहीर केलं की पुढच्या मंडईपासून नितेश स्मृती चषक. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या. आन गट कोणता? पंचावन्न किलो.

अध्यक्षसाहेब, तुम्हाले लाज वाटली नाही? ज्या काट्यानं त्याले मारलं त्याच काट्याले त्याचं नाव लटकवता? तो चषक होणार नाही. मी होऊ देणार नाही.

माझे बाबा काल मले म्हणाले, "जाऊ दे बेटा. गावात राहायचं आहे. तो काही परत येत नाही." बाबा, तुमच्यासमोर मी कधी वर तोंड करून बोलली नाही. आज बोलते. जाऊ देणार नाही. लोक मले समजावतात, शिकलेली पोरगी आहे, मन मोठं कर. मन मोठं नाही करायचं मले. मले बदला पाहिजे. ऐकलं? बदला. शब्द खराब वाटत असन तं वाटू द्या.

काल मी ठाण्यात रिपोर्ट दिली आहे, दिलीप सरांच्या नावानं. रोशन बयाण देणार आहे. रोशन, मान वर कर. ज्याले याच्यावर दबाव टाकायचा असन त्यानं अगोदर माझ्या दारात यावं.

ते कायद्याचं झालं. माझं वेगळं आहे.

आक्षेप घेणं लय आवडते ना तुम्हाले? आता आक्षेप मी घेईन. या जिल्ह्यात जिथं जिथं मंडईत वजनी गटाचे सामने होतीन तिथं मी येईन. काट्याजवळ पाण्याचा जार घेऊन उभी राहीन. वजन देऊन जो पोट्टा उतरन त्याच्या हातात ग्लास देईन. त्याले पिऊ दिलं नाही तं माइकवर जाईन. दोरीबाहेर काढा, परत आत येईन. आन सर, तुम्ही ज्या टीमसोबत जाल त्या गावात मी तुमच्या अगोदर पोहोचेन. तुमचा सत्कार होईन तिथं उभी राहून सांगेन, हे दिलीप सर, यांनी माझ्या भावाले पाणी दिलं नाही. तुमच्या लेकीच्या लग्नात येणार नाही. त्या पोरीचा काय दोष. पण ग्राउंडवर तुम्हाले सोडणार नाही. शिट्टी तुमच्या गळ्यातून उतरत नाही तोवर नाही.

नितेशले वाटायचं संजीवनी चालू आहे. एक मारला की एक उठते. नाही रे राजा. तुले गामिनीत उतरवलं होतं आन सांगतलं कोणीच नाही. मले आता कळलं, तं मीबी गामिनीच खेळेन. तू उठणार नाही. पण जोवर तुले मारणारे सगळे बाद होत नाहीत तोवर माझा खेळ संपत नाही.

माय, रडू नको. झालं माझं.

शेवटी श्रद्धांजलीची पद्धत आहे, उभं राहून दोन मिनिटं शांत राहायचं. आपण राहू. पण घड्याळ मी लावणार नाही.

हा तांब्या मी घरून भरून आणला. फोटोसमोर ठेवते. दिलीप सर, तुम्ही मंचावरून उतरा, इथं मधल्या रेषेवर या, आन त्याले पाणी पाजा. तुमच्या हातानं. त्यानं तुम्हालेच मागतलं होतं.

जोवर सर येऊन पाणी देत नाहीत तोवर आपण सगळे उभे राहू. कोणी बसायचं नाही. कोणी घरी जायचं नाही. ऊन आहे, मले माहीत आहे. तहान लागन. मंडपात पाण्याचे जार ठेवले आहेत, त्याले कोणी हात लावायचा नाही.

उभे राहा.

सर, आम्ही थांबलो आहोत.