बुटक्याचं माप

माझ्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी, मॅडिसनच्या रुग्णालयात दर मंगळवारी माझ्या शेजारच्या बाकावर आजाराने थकलेला व्हर्लिन आणि मारित ही त्याची मुलगी बसत. एकदा दोघं, फासे टाकून पात्रांची गोष्ट रंगवायच्या त्यांच्या खेळासाठी नवी पात्रं लिहीत होती.

“बाबा, नेहमीचा धिप्पाड योद्धाच लिहू ना?”

“नको. या वेळी बुटका लिही.”

“बुटक्याला मोठी तलवार पेलत नाही. नियमच आहे.”

“तलवार कोणाला हवीय? त्याला सोबत्याच्या पाठीवर बसता येतं ना?”

“येतं. सोबती एक माप मोठा हवा.”

“मग तू हो.”

“घरी आधाराला नुसता हात धरला तरी चिडतोस.”

“घरी तसा नियम नाही.”

“बरं. पण वरून हुकूम सोडायचे नाहीत.”

“लहानपणी माझ्या खांद्यावर बसून तू काय करायचीस?”

“हुकूमच सोडायचे. लिहिते, बुटका.”

व्हर्लिन त्याच वर्षी नोव्हेंबरात वारला.