उणे अठराची ट्रायल

सुनेत्रा: एक्केचाळीस ग्रॅम.

चारुदत्त: काय एक्केचाळीस?

सुनेत्रा: घाम. हा पातळ लोकरीचा इनर कोरडा असताना दोनशे चार भरला होता, आता दोनशे पंचेचाळीस. मघाच्या जाडमध्ये तू एकोणसत्तर ग्रॅम गाळलेस. ओल सगळी पाठीत आहे, सॅक टेकते तिथे. बाह्या जवळपास कोरड्या.

चारुदत्त: बाहेर बेचाळीस डिग्री आहे, सुनेत्रा. पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन गोदामाचा जिना बारा वेळा चढलोय मी, रविवारी दुपारी. वॉचमन बघत होता.

सुनेत्रा: किर्गिझस्तानात शिकारीला गेलास की रानबोकड बघतील. घाल परत.

चारुदत्त: ओलाच?

सुनेत्रा: डोंगरावर चेंजिंग रूम आहे का? उन्हात चढणार, भिजणार, आणि मग कड्यावर दुर्बीण लावून वाऱ्यात दोन तास न हलता बसणार. थंडी वाजते ती त्या दोन तासांत. म्हणून आता तुमच्या कंपनीच्या फ्रीझरमध्ये वीस मिनिटं स्टुलावर बसायचं, उणे अठरात. कल्पना तुझीच होती.

चारुदत्त: मला वाटतं सरळ जाडच न्यावा. यहया साहेब स्वतः जाड घालतात.

सुनेत्रा: यहया साहेब तुझे मालक आहेत, थर्मामीटर नाहीत. जाड घालून चढलास तर जास्त भिजशील. पातळ अंगाला, जाड सॅकमध्ये. बसलास की वरून चढवायचा. मेरिनो लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल आत घेते, तरी अंगाला गार लागत नाही. कॉटन ओलं झालं की चिकटतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं.

चारुदत्त: पातळमध्ये कॅमोफ्लाज मिळतो का?

सुनेत्रा: आतल्या गंजीफ्रॉकवर झाडाझुडपांची नक्षी? बोकड समोर आला की जॅकेट काढून दाखवणार आहेस?

चारुदत्त: हस. मागच्या वर्षी त्यांनी ज्याला शिकारीला नेलं, तो आज अबुधाबीला जीएम आहे. चार वर्षांनी माझं नाव निघालंय.

सुनेत्रा: आणि घरात झुरळ निघालं की तू बाल्कनीत जाऊन पेस्ट कंट्रोलला फोन करतोस. यल्ला, चल, आत जा. टायमर लावते.

(चारुदत्त फ्रीझरमध्ये जातो. जाड दार बंद होतं. दोन मिनिटांनी फ्रान्सिस येतो.)

फ्रान्सिस: मॅडम, नमस्कार. मी फ्रान्सिस, फ्रीझरचा सुपरवायझर. वॉचमन बोलला, सर तांदूळ घेऊन जिना चढतायत. मला वाटलं लिफ्ट गेली.

सुनेत्रा: लिफ्ट ठीक आहे. शिकारीची तालीम चाललीय. पुढच्या महिन्यात तुमचे सर यहया साहेबांबरोबर किर्गिझस्तानात बोकड मारणार आहेत.

फ्रान्सिस: सर? मागे डॉकवर सरडा आला होता मॅडम, एवढासा. सर गाडीची काच वर करून बसले. मी झाडू घेऊन गेलो तेव्हा उतरले.

सुनेत्रा: हे मला घरी कळलं नव्हतं.

फ्रान्सिस: आणि हा वजनकाटा?

सुनेत्रा: आमच्या स्वयंपाकघरातला. मी लॅबमध्ये असते, कापडाच्या टेस्टिंगला. म्हटलं दोन्ही इनर घालून बघू आणि आकडे काढू. हा जाड, पातळ त्याच्या अंगावर आहे.

फ्रान्सिस: ह्याला हे पिवळं टॅग... मॅडम, हे तुम्ही विकत घेतलंत?

सुनेत्रा: ऑनलाइन मागवले, म्हणाला.

फ्रान्सिस: हे आमचं सॅम्पल आहे. टॅगवर अक्षर माझं. मे महिन्यात सप्लायरच्या मागे लागून मी मागवलं, फ्रीझरच्या माणसांसाठी. चौदा माणसं. सर बोलले, आधी ट्रायल घेऊ, रिपोर्ट करू, मग सही. नंतर बोलले, सॅम्पल आलंच नाही.

सुनेत्रा: तुमची माणसं आत काय घालतात?

फ्रान्सिस: कंपनीचं जॅकेट. त्याच्या आत दोन-दोन टी-शर्ट, कॉटनचे. डॉकवर ट्रक उतरवायचा बेचाळीस डिग्रीत, घामाघूम व्हायचं, तसंच आत शिरायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर, परत ट्रक. दिवसाला बारा फेऱ्या एकेकाच्या. मोजल्यात मी. पेन्सिलीने लिहिल्यात, आत पेन चालत नाही. रात्री मुहैस्नाच्या लेबर कॅम्पमधल्या खोलीत टी-शर्ट दोरीवर टाकायचे, सकाळी सुकले नाहीत तरी तेच.

सुनेत्रा: आजारी कोण आहे?

फ्रान्सिस: दगडू, लातूरचा. महिना झाला खोकतोय. काल बोलला, फ्रान्सिसभाऊ, ह्या आठवड्यात इनर मिळाले तर थांबतो, नाही तर खलास, गावी जातो. घरात कमावणारा तोच. मी तरी किती वेळा सांगू, सरांच्या टेबलावर आहे म्हणून?

सुनेत्रा: ट्रायलचा फॉर्म आहे तुमच्याकडे?

फ्रान्सिस: मेपासून खिशातच फिरवतोय. कोराच आहे.

सुनेत्रा: द्या इकडे. तुमची पेन्सिलही द्या.

चारुदत्त: (फ्रीझरमधून बाहेर येत) हुश्श! बेस्ट आहे हा पातळ! नाक गेलं, पण पाठ ठीक. अरे, फ्रान्सिस? तू आज कसा?

फ्रान्सिस: ड्युटी आहे, सर.

सुनेत्रा: वापरणाऱ्याचं नाव, चारुदत्त. आत किती वेळ बसलास? टायमर अकरा मिनिटं दाखवतोय.

चारुदत्त: वीसच धर. काय लिहितेयस?

सुनेत्रा: अकरा. थरथर?

चारुदत्त: नाही. म्हणजे शेवटी थोडी. हे काय आहे?

सुनेत्रा: ट्रायल रिपोर्ट. पातळ झाला, जाडचा घाम मोजलाय. आता तिसरं राहिलं: दोन कॉटनचे टी-शर्ट. जिना चढून ये, भिजलास की तसाच आत बस. पंचवीस मिनिटं.

चारुदत्त: वेड लागलंय का? ओलं कॉटन घालून उणे अठरात? न्यूमोनिया होईल मला!

सुनेत्रा: हे वाक्य शेऱ्याच्या रकान्यात लिहू की वेगळा कागद जोडू?

फ्रान्सिस: रकान्यात बसेल, मॅडम.

चारुदत्त: फ्रान्सिस, तू मॅडमना काय सांगितलंस?

सुनेत्रा: त्यांनी टॅग वाचला. सॅम्पल आलंच नव्हतं ना? ऑनलाइन मागवलं होतंस ना?

चारुदत्त: परत ठेवणारच होतो मी. ट्रिप झाली की. आणि ती फाइल मी विसरलेलो नाही. फक्त ट्रिपच्या तोंडावर यहया साहेबांसमोर खर्चाचा कागद नको. डोंगरावर, शेकोटीजवळ, मूड बघून विषय काढणार होतो. ह्यात माणसांचाच फायदा आहे.

सुनेत्रा: फ्रान्सिस, हा कागद यहया साहेबांकडे जातो?

फ्रान्सिस: नाही, मॅडम. एवढ्या खरेदीला सरांचीच सही पुरते.

सुनेत्रा: म्हणजे शेकोटीजवळ तू तुझ्याच सहीची परवानगी मागणार होतास.

चारुदत्त: महिनाअखेर त्यांच्यासमोर रिपोर्ट जातो, सुनेत्रा. खर्च का वाढला, विचारतील. माझं नाव काढतील ट्रिपमधून.

सुनेत्रा: काढतील कदाचित. मला तो आकडा काढता येत नाही.

चारुदत्त: फ्रान्सिस... दगडू खरंच जातोय?

फ्रान्सिस: गुरुवारचं तिकीट बघतोय, सर.

चारुदत्त: मला वाटलं खोकला साधा आहे. तू म्हणाला होतास साधा आहे.

फ्रान्सिस: जूनमध्ये साधा होता, सर.

चारुदत्त: एक इनर सुकायला किती वेळ लागेल, सुनेत्रा? त्या खोलीत, दोरीवर?

सुनेत्रा: गर्दीची खोली, वारा नाही. सकाळपर्यंत सुकेलच असं मी लिहून देणार नाही. प्रत्येकाला दोन लागतील.

फ्रान्सिस: मी एकेकच मागितला होता, सर. जास्त मागितलं तर एकही मिळणार नाही, असं वाटलं.

चारुदत्त: पेन द्या कोणीतरी.

फ्रान्सिस: फ्रीझरमध्ये चालत नाही, सर. इथं चालतं.

चारुदत्त: लिही. पातळ इनर. चौदा माणसं, दोन-दोन, अठ्ठावीस. दगडूला आजच फोन कर, सही झाली म्हणून. आणि हा माझ्या अंगावरचा त्यात धरू नकोस, धुऊन परत देतो.